ओवाळणीचा सिलिंडर

वैजयंतीबाईंनी त्या वर्षी भाऊबिजेला भावाकडे साडी मागितली नाही, सिलिंडर मागितला. स्वयंपाकाच्या गॅसचा नव्हे, कार्बन डायऑक्साइडचा. असली ओवाळणी जगात आजवर कुणी कुणाला मागितली असेल असं वाटत नाही, पण बाई तशाच होत्या. सोलापुरातल्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायच्या आणि डोक्यात एकच खूळ घेऊन बसल्या होत्या, प्लास्टिकच्या कचऱ्यापासून इंधन करायचं.

खूळ म्हटलं तरी ते आभाळातून पडलेलं नव्हतं. बाईंचं माहेर उजनीच्या पाण्याकाठचं, ऊस-केळीचं गाव. तिथं शेताच्या बांधावर काय काय साठतं ते ज्यानं पाहिलं नाही त्याला कळायचं नाही. ठिबकच्या फुटक्या नळ्या, केळीच्या घडांवर चढवलेल्या निळ्या पिशव्या, तण उगवू नये म्हणून अंथरलेला मल्चिंगचा काळा कागद, मासेमारीची तुटकी जाळी. उन्हाळा आला की सगळ्याचा ढीग घालायचा आणि काडी लावायची. तो काळा धूर दिवसभर गावावर बसून राहायचा. बाईंची आई त्याच धुरात खोकत खोकत गेली. डॉक्टरांनी दम्याचं नाव घेतलं, बाईंनी नळ्यांचं घेतलं. गावात एक असं यंत्र उभं करायचं की पुन्हा कुणी नळ्या जाळणार नाही, असं त्यांनी आईच्या दहाव्यालाच मनाशी ठरवलं होतं. त्यात त्यांचे केस पिकले.

यंत्र तसं बघायला गेलं तर काहीच नाही. हातभर लांबीची काचेची नळी. तिच्यात ठिबकच्या नळ्यांचा बारीक चुरा आणि त्यात मिसळलेल्या करड्या गोळ्या. त्या गोळ्या म्हणजे उत्प्रेरक. लग्न जमवणारा मध्यस्थ असतो ना, दोघांचं जमवून देतो आणि स्वतः कोराच्या कोरा बाजूला राहतो, तसा. नळीतून कार्बन डायऑक्साइड सोडायचा आणि बाहेरून जबर दाबाची वीज द्यायची. विजेच्या माऱ्यानं वायूचे कण फुटतात, नळीभर जांभळा उजेड पसरतो. त्याला म्हणायचं प्लाझ्मा. त्या उजेडात वायूही मोडतो, प्लास्टिकही मोडतं आणि मोडलेल्या तुकड्यांतून नवं काहीतरी जुळून येतं. भट्टी नको, धूर नको. नळीचं दुसरं टोक बर्फातून जातं. तिथं एक छोटी काचेची कुपी. जे द्रव तयार होईल ते त्या कुपीत थेंब थेंब पडायचं.

पडायचं म्हणजे, पडायला हवं होतं. वर्षानुवर्षं पडलंच नाही. यंत्रातून निघायचा तो जळणारा वायू, तोही बेताचाच. वायू कामाचा होता, पण वायू दिसत नाही आणि जे दिसत नाही त्याला आपल्याकडे कोण विचारतो? येणारे पाहुणे कुपीत वाकून बघायचे, ती कोरडी दिसली की "छान, छान, चालू द्या" म्हणायचे आणि चहा पिऊन जायचे. त्या "चालू द्या"चा बाईंना भयंकर राग यायचा.

तर दिवाळीच्या तोंडावर प्रयोगशाळेतला वायू संपला. गॅस एजन्सीचा नवा सिलिंडर मागवायचा म्हणजे कॉलेजच्या कारभारात संक्रांत उजाडणार. तेव्हा बाईंना थोरला भाऊ आठवला. हिंदुरावदादा अकलूजकडच्या एका साखर कारखान्यात फोरमन होता. कारखान्यात मळी आंबवायच्या टाक्या असतात, त्यांतून हा वायू नुसता उतू जातो, आणि अलीकडे तिथं तो सिलिंडरमध्ये भरून घ्यायची सोयही झाली होती. बाईंनी फोन केला.

"दादा, यंदा साडी नको. एक सिलिंडर भरून दे."

"आन् लोकांनी इचारलं, भावानं काय घातलं, तर काय सांगशील?" दादा म्हणाला.

"सिलिंडर घातला म्हणून सांगीन की."

दादा हसला. बहिणीवर त्याचा लई जीव. भाऊबिजेच्या दिवशी तो पिकअपमध्ये सिलिंडर आडवा घालून, वर घरची केळी टाकून सोलापूरला आला. बाईंनी त्याला ओवाळलं. मग नव्या गाडीला लावतात तसं सिलिंडरच्या मानेलाही हळदीकुंकू लावलं. घरातले पोट धरून हसले. सुट्ट्या संपल्यावर तो सिलिंडर तसाच कुंकवासकट प्रयोगशाळेत जाऊन उभा राहिला.

प्रयोगशाळेत अंकिता होती. बाईंच्या हाताखाली पीएच.डी. करणारी मोहोळकडची पोर, कमी बोलणारी, कामाला वाघ. तिनं सिलिंडरकडे पाहिलं आणि विचारलं, "मॅडम, नवीन गॅस आहे. आधी तपासून घेऊया का?"

बाई हसल्या. "अगं, भावानं घातलेल्या साडीचं सूत कुणी मोजतं का?"

अंकिताही हसली आणि विषय तिथंच संपला.

योगायोग बघा. त्याच आठवड्यात अंकितानं नव्या पद्धतीच्या गोळ्या करून आणल्या होत्या, तांब्याचा अंश घातलेल्या. नळीत नव्या गोळ्या, नव्या सिलिंडरचा वायू. बटण दाबलं, जांभळा उजेड पडला, आणि दुपारपर्यंत कुपीत थेंब आला. बाई स्टुलावर बसल्या त्या उठेचनात. थेंब तपासला तर अल्कोहोल निघालं, पेट्रोलमध्ये मिसळतात तेच. पुण्याच्या एका प्रयोगशाळेत पाठवलं, तिथूनही तेच उत्तर आलं. बाईंनी सगळ्या कॉलेजला पेढे वाटले. सगळं श्रेय नव्या गोळ्यांना गेलं. यंत्र न पेटवता नुसता वायू सोडून बघायची एक चाचणी असते, ती त्यांनी पूर्वी केलेली होती. पण एजन्सीच्या सिलिंडरवर. नव्या सिलिंडरवर ती करावी असं बाईंच्या मनातही आलं नाही. वायू सोडायचा आणि लगेच बटण दाबायचं, थांबवताना दोन्ही एकदम बंद करायचं, असाच तिथला रिवाज होता.

फेब्रुवारीत अनुदान मंजूर करणारी समिती यायचं ठरलं. ही समिती होती खरी महत्त्वाची. तिनं मान डोलावली की असंच मोठं यंत्र बाईंच्या गावी, पाण्याकाठच्या पडीक जागेवर उभं राहणार होतं. नाही डोलावली तर सगळं पुन्हा काचेच्या नळीपाशी. बाईंना हे इतकं पक्कं ठाऊक होतं की आदल्या दोन-चार दिवसांत त्यांना धड जेवण गेलं नाही.

समारंभ म्हटला की आपल्याकडे कामापेक्षा सत्कार मोठा. प्राचार्यांनी नवी पेठेतून हारतुरे आणि नारळ आणवले, पाहुण्यांच्या खांद्यावर घालायला सोलापुरी चादरी आणल्या, प्रयोगशाळेच्या दारात मांडव घातला, यंत्राचं टेबल सगळ्यांना दिसेल असं दाराशी ओढलं. मांडवात माईक. वीज गेली तर माईक बंद पडू नये म्हणून त्यांनी यंत्राचा इन्व्हर्टर काढून माईकला जोडला. बाईंना हे कुणी सांगितलंही नाही. एरवी वीज गेली तरी यंत्र त्या इन्व्हर्टरवर चालायचं, त्यामुळे वायू चालू आणि उजेड बंद असं बाईंनी कधी पाहिलंच नव्हतं. आता तुम्हीच सांगा, यंत्र बघायला माणसं बोलवायची आणि यंत्राचीच वीज भाषणाला द्यायची, ह्याला काय म्हणावं?

हिंदुरावदादा फेटा बांधून आला होता. एकटा नव्हे, गावची दहा-पंधरा माणसं घेऊन, आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत जुन्या ठिबकच्या नळ्यांचा डोंगर. ट्रॉली कॉलेजच्या आवारात उभी. दादा पहिल्या रांगेत बसला आणि शेजारच्याला सांगत सुटला, "ग्यास आपला हाय. भाऊबिजेला दिलेला."

समितीचे प्रमुख मुकुंद सर पुण्याहून आले होते. शांत, हसरे, पिकल्या दाढीचे. खांद्यावरची चादर सावरत ते यंत्राजवळ आले. बाईंनी वायू सोडला, अंकितानं बटण दाबलं. जांभळा उजेड नळीभर उभा राहिला आणि गावची माणसं माना उंच करून बघू लागली. बराच वेळ गेला. मग कुपीत पहिला थेंब पडला. टाळ्या झाल्या. थोड्या वेळानं दुसरा. दोन थेंबांच्या मध्ये बाई एक अख्खं वाक्य बोलू शकत होत्या, इतका त्यांना वेळ मिळत होता. मुकुंद सर कुपीवर वाकले, मान हलवत म्हणाले, "सुंदर."

तेवढ्यात वीज गेली.

पंखे फिरत फिरत थांबले. नळीतला उजेड एकदम विझला आणि ती नळी साध्या काचेसारखी दिसायला लागली. माईक मात्र जिवंत. प्राचार्य त्यावर म्हणाले, "मंडळी, जागा सोडू नका, वीज आत्ता येईल."

बाईंनी कुपीकडे पाहिलं ते सवयीनं. उजेड गेला, आता थेंब थांबणार, लोकांना काहीतरी बोलून धरून ठेवायला हवं, एवढंच त्यांच्या मनात होतं.

थेंब पडला.

नळीत अडकलेला असेल, बाई मनाशी म्हणाल्या. मग आणखी एक पडला. मग आणखी एक. बाई समजावून सांगण्यासाठी तोंड उघडायच्या आणि त्यांचा पहिला शब्द संपायच्या आत पुढचा थेंब पडलेला असायचा. थेंब थांबत नव्हते. उलट भरभर पडत होते.

प्राचार्यांच्याही ते नजरेला आलं. त्यांना काय, आनंदी आनंद. "बघा मंडळी," ते माईकवर म्हणाले, "वीज गेली तरी आमचं यंत्र थांबत नाही." टाळ्यांचा कडकडाट झाला. गावच्या एका म्हाताऱ्यानं तर हात जोडले. दादानं फेटा सारखा केला.

बाईंच्या पायाखालची जमीन सरकली. उजेड नाही तर यंत्र नाही. यंत्र नाही तर थेंब कुठून? वायूतून. वायू कुठला? मळी आंबवायच्या टाकीतला. मळी आंबवून तिथं काय करतात? अल्कोहोल. शाळेतल्या पोरालाही जोडता येईल अशी ही साखळी, आणि ती त्यांना आज, एवढ्या माणसांपुढं, विझलेल्या नळीसमोर उभं राहून जुळली. टाकीतून वायू वर येताना स्वतःबरोबर अल्कोहोलची वाफ घेऊन आला होता. तीच बर्फात निवून पडत होती.

पण भरभर का? ते कळलं तेव्हा बाईंनी टेबलाचा काठ घट्ट धरला. यंत्र चालू असताना थेंब हळू पडायचे, कारण जांभळा उजेड त्यातलं निम्मंशिम्मं अल्कोहोल मोडून टाकत होता. इतके महिने त्यांचं यंत्र इंधन करत नव्हतं. आयतं आलेलं इंधन खात होतं.

"हं, हे स्वाभाविक आहे," मुकुंद सर सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "उत्प्रेरक अजून गरम आहे. उरलेल्या उष्णतेवर क्रिया चालू राहते. फार उत्तम लक्षण आहे हे."

बघा, कशी गंमत असते. बाईंना खोटं बोलायचीसुद्धा गरज उरली नव्हती. खोटं आयतं करून कुणीतरी हातात ठेवलं होतं. नुसतं "हो सर" म्हणायचं. यंत्र मंजूर, गावच्या जागेवर मांडव, आईच्या नावाची पाटी. बाईंच्या जिभेवर ते "हो सर" येऊन बसलंही. खोटं कशाला सांगा, आलं होतं.

तेव्हा त्यांची नजर अंकिताकडे गेली. सगळे चेहरे खुललेले होते, गावकऱ्यांचे, प्राचार्यांचे, समितीचे. कुणी चकित, कुणी खूश. अंकिता मात्र चकित नव्हती. ती कुपीकडे बघतच नव्हती. ती बाईंकडे बघत होती, आणि तिचे डोळे भरले होते.

हिला माहीत होतं. बाईंना वीज गेल्याचा बसला नव्हता, थेंबांचा बसला नव्हता, इतका धक्का ह्याचा बसला.

बाई सिलिंडरपाशी गेल्या. मानेवरचं कुंकू अजून पुसलं नव्हतं. त्यांनी चावी फिरवून वायू बंद केला. थेंबांचा वेग मंदावला. एक पडला, बऱ्याच वेळानं एक पडला, आणि मग काहीच नाही. त्याच सुमारास वीज आली. पंखे फिरले, नळीत पुन्हा जांभळा उजेड उभा राहिला. सगळे कुपीकडे बघत राहिले. वीज होती, उजेड होता, थेंब नव्हता.

"सर," बाई म्हणाल्या. माईक त्यांच्याजवळ नव्हता, पण इतकं शांत झालं होतं की शेवटच्या रांगेला ऐकू गेलं. "हे अल्कोहोल आमच्या यंत्रानं केलेलं नाही. ते सिलिंडरमधूनच येत होतं. आमचं यंत्र त्यातलं काही मोडत होतं, एवढंच. चूक माझी आहे. मी वायू तपासला नाही."

प्राचार्यांच्या हातात माईक तसाच राहिला. गावची माणसं एकमेकांच्या तोंडाकडे बघू लागली, कारण त्यांना समजलं एवढंच की काहीतरी बिनसलंय. हिंदुरावदादा हळूहळू उठून उभा राहिला.

"कुठला सिलिंडर?" त्यानं विचारलं.

तिथं एकच सिलिंडर जोडलेला होता आणि त्याच्यावर कुंकू होतं. दादा तसाच उभा राहिला, मग त्यानं फेटा उतरवून हातात घेतला.

मुकुंद सरांचा चेहरा पडला होता. त्यांनी बाईंना खिडकीशी नेलं आणि आवाज खाली आणून म्हणाले, "मॅडम, एवढी घाई कशाला केलीत? आधी मला बाजूला सांगायचं. काही तरी मार्ग काढला असता. आता सगळ्यांसमोर बोललात, मला तसंच लिहावं लागेल."

हा माणूस त्यांच्यावर रागावला होता तो चुकीसाठी नव्हे, बोलल्यासाठी. त्या दिवशी बाईंना किती धक्के बसले ह्याचा हिशेब कुणी ठेवावा. "लिहा सर," त्या म्हणाल्या. "तसंच लिहा."

मांडव बघता बघता रिकामा झाला. समितीची गाडी गेली, प्राचार्य तिला पोचवायला म्हणून गेले ते परत फिरकलेच नाहीत. गावची माणसं ट्रॅक्टरपाशी सावलीत जाऊन बसली. प्रयोगशाळेत तिघंच राहिली, बाई, दादा आणि अंकिता. खुर्च्यांवर हार पडले होते.

दादा सिलिंडरसमोर बसला. मग म्हणाला, "वैजू, मला तितल्या पोरांनी सांगितलं व्हतं. ह्यो कच्चा ग्यास हाय म्हनली. पाण्यानं धुऊन, गाळून भरायचा असतो. धुतलेला पायजे आसंल तर दिवाळी होऊ द्या, मशिन बंद हाय." त्यानं कपाळ पुसलं. "दिवाळी होऊ द्या म्हंजी काय? भाऊबीज का थांबती व्हय? मी काय रिकाम्या हातानं येऊ? म्हनलं, ग्यास तो ग्यास. भर म्हनलं तसाच."

बाईंना त्याचा राग यायला हवा होता. आला नाही. भाऊ भाऊबिजेला रिकाम्या हातानं येत नाही आणि बहीण ओवाळणी तपासत नाही. दोघांनी आपापलं नातं नीट पाळलं होतं आणि त्यात एवढं सगळं बुडालं होतं. त्यांना हसावं की रडावं कळेना.

मग त्या अंकिताकडे वळल्या. "तुला कधीपासून माहीत होतं?"

अंकिता ओढणीच्या टोकाशी चाळा करत उभी होती. "दिवाळीनंतर लगेच, मॅडम. एकदा गॅस सोडला आणि फोन आला म्हणून बाहेर गेले. बटण दाबायचं राहिलं. परत आले तर कुपीत थेंब. मला वाटलं आदल्या दिवशीचा असेल. म्हणून कुपी धुऊन मुद्दाम पुन्हा केलं. पुन्हा पडला."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"सांगायला आले होते," अंकिता म्हणाली. "तुम्ही पेढे वाटत होतात. मी म्हटलं, मॅडम, सिलिंडर एकदा तपासूया. तुम्ही म्हणालात, तुला माझ्या दादाचं काय वावडं आहे गं? सगळे हसले. मग कसं बोलणार? ओवाळणी होती."

बाईंना आठवलं. पेढ्यांचा बॉक्स हातात होता. ही पोर दारात उभी होती. थट्टाच केली होती त्यांनी, प्रेमानंच केली होती, आणि त्या थट्टेनं पोरीचं तोंड असं बंद झालं की पार आजपर्यंत उघडलं नाही. त्या गोळ्या अंकिताच्या, नाव अंकिताचं होणार होतं, पीएच.डी. त्यावरच उभी होती, आणि इतके दिवस ती पोर रोज तोच थेंब बघत, रोज ते गिळत काम करत होती. ज्या प्रयोगशाळेत प्रश्न विचारायला शिकवायचं, तिथं बाईंनी स्वतः प्रश्नाला कुलूप घातलं होतं. यंत्र गेलं ह्यापेक्षा हे त्यांना जास्त लागलं. त्या खुर्चीवरचा हार बाजूला सारून बसल्या आणि मांडीवरच्या स्वतःच्या हातांकडे बघत राहिल्या.

"पोरी," दादा म्हणाला, "माझ्या ग्यासात खोट हाय म्हनून न्हाय का सांगायचं? मला सरळ फोन लावायचा की गं."

अंकितानं ओढणीच्या टोकानं डोळे पुसले.

काही वेळानं बाई उठल्या. कोपऱ्यात एजन्सीचा सिलिंडर उभा होता. कॉलेजच्या कृपेनं तो जानेवारीत आला होता, पण ओवाळणीचा असताना त्याचं सील तोडायची कुणाला गरज पडली नव्हती. "अंकिता, हा जोड," त्या म्हणाल्या. "आणि ओवाळणीचा काढून बाजूला घे. त्यातला नमुना घे. तू पहिल्या दिवशी काय म्हणाली होतीस?"

"तपासून घेऊया का, म्हटलं होतं."

"मग तपास."

अंकितानं पाना घेतला, पण ओवाळणीच्या सिलिंडरला हात लावताना ती अडखळली. तिनं दादाकडे पाहिलं. दादानं फेटा खुर्चीवर ठेवला, पुढं आला आणि सिलिंडर दोन्ही हातांनी घट्ट धरला. "काढ बाळा," तो म्हणाला. "मी धरतो." तिनं नळी सोडवली, पिशवीत थोडा वायू भरून घेतला. हात निसटून थोडा सुटला तेव्हा दादाच्या नाकात आंबलेल्या मळीचा वास गेला. त्याचं अर्धं आयुष्य त्याच वासात गेलं होतं. त्यानं मान खाली घातली.

एजन्सीचा वायू सुरू झाला. जांभळा उजेड पुन्हा पडला. तिघं कुपीभोवती उभी राहिली. बर्फ विरघळत होता. कुपी कोरडी होती आणि कोरडीच राहिली. मग बाईंनी टोकाच्या बारक्या तोटीपाशी काडी धरली. फिक्या निळ्या रंगाची ज्योत पेटली, निरांजनाच्या वातीएवढी. उजेडात नीट दिसेनाही. दादानं हातानं आडोसा धरला.

"हे खरं हाय?" त्यानं विचारलं.

"हे खरं आहे. नळ्यांतून आणि त्या वायूतून झालेलं."

"येवढंच?"

"एवढंच," बाई म्हणाल्या. इतक्या वर्षांचं एवढंच.

अंकितानं अजून ज्योतीवरून नजर काढली नव्हती. "मॅडम," ती हळूच म्हणाली, "जुन्या गोळ्यांवर ही ज्योत टिकायची नाही. विझायची. ह्या नव्यांवर टिकलीय." मग जरा घाबरून तिनं पुढं जोडलं, "माझं चुकतही असेल. तपासायला पाहिजे."

"पाहिजेच," बाई म्हणाल्या.

बाहेर ट्रॅक्टरवाल्यानं हॉर्न दिला. गावच्या माणसांना परत जायचं होतं. दादा दारापर्यंत गेला आणि वळला. ट्रॉलीतल्या नळ्यांचा डोंगर उन्हात तापून वास सोडत होता.

"वैजू, ह्या नळ्या आता म्हागारी नेऊ?"

"ने."

"आन् मग? पेटवायच्या?"

"न्हाय पेटवायच्या," बाई माहेरच्या बोलीत म्हणाल्या. "शेडात ठेव. मी सांगंपतोर ठेव."

दादानं मान हलवली. मग फेटा काखेत मारत, बहिणीच्या नजरेला नजर न देता म्हणाला, "यंदाच्या भाऊबिजेला गपगुमान साडीच आणतो बघ."

"आण," बाई म्हणाल्या. "पण तिचं सूत मी मोजून घेणार. अंकिता मोजंल."

दादा हसला नाही. त्यानं पुन्हा एकदा मान हलवली आणि ट्रॅक्टरकडे चालू लागला. ट्रॉली फाटकाबाहेर जाईपर्यंत बाई दारात उभ्या राहिल्या. आत अंकितानं ज्योत विझवली नव्हती. ती तिच्यासमोर बसून होती, आणि बाईंनी मागं येऊन तिच्या डोक्यावर हात ठेवला तेव्हा ती दचकली.